सांगलीतल्या एका पेट शॉपचा रिव्ह्यू : पक्ष्यांचं खाद्य घ्या, अँटईटरचं बुकिंग करू नका

आधीच सांगून ठेवते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण दुकानाबद्दल सांगायचं थोडं आणि तिथं जे विकायला काढलंय त्याबद्दल सांगायचं खूप आहे. सांगलीतलं एक पेट शॉप आहे, नाव लिहीत नाही, कारण त्यांनी जी ऑफर आम्हाला दिली तीच ऑफर व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टावर दुसऱ्या शहरांतूनपण फिरतेय आणि मला एकट्या या दुकानदाराच्या मागं लागायचं नाही. ऑफर काय, तर अँटईटरचं पिल्लू. दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ, लांब नळीसारखं तोंड असलेला तो. बुकिंग चालू आहे म्हणे. तुमच्या घरात कुणी पोरगं रील बघून हट्ट धरून बसलं असेल तर त्याला हे वाचायला द्या, आणि पैसे भरायच्या आधी द्या.

पहिलं दुकानाचं चांगलं ते सांगते. माझ्याकडं बऱ्याच वर्षांपासून कॉकटेल आणि लव्हबर्ड हे पक्षी आहेत, त्यामुळं राळं, बाजरी, सूर्यफुलाचं बी, समुद्रफेस, मटक्या हे सगळं मी इथूनच आणते. खाद्य ताजं असतं, पोत्यात हात घातला तर धूळ नाही, जाळी धरलेली नाही, आणि सुटं पाव किलो मागितलं तरी तोंड वाकडं करत नाहीत. फिश टँकचे फिल्टर, हीटर, गाळणीचा स्पंज वगैरे ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतं आणि बिघडलं तर बदलून मिळतं. अजून एक गोष्ट मला या दुकानाची आवडायची, की तिथं आपले साधे हिरवे पोपट कधी दिसले नाहीत, स्टार कासव दिसलं नाही. बाजारात आजही लोक चोरून विकतात ते, यांनी नाही ठेवलं. पक्षी घ्यायला आलेल्या नवीन माणसाला पिंजरा केवढा घ्यायचा, मांजर असेल तर कुठं टांगायचा, हे दुकानातला पोरगा नीट समजावून सांगतो. या भागाला मी डोळे झाकून चार स्टार देईन.

पण हल्ली आत काचेच्या मागं त्यांनी एक्झॉटिक, म्हणजे परदेशी प्राण्यांचा सेक्शन काढलाय, आणि तिथं गेलं की वाटतं आपण दुसऱ्याच कुणाच्या दुकानात आलो.

एक इगुआना होता, मोठ्या सरड्यासारखा. हिरवा, हातभर. त्याच्यावर नुसता पिवळा बल्ब लावलेला. मी जवळ जाऊन बघितलं तर खालचा जबडा एका बाजूला फुगलेला आणि पुढचा पाय कोपरातून वाकडा, चालताना तो पोट घासत चालत होता, पाय उचलायचं बळच नाही. इगुआनाला ऊन लागतं, खरं ऊन किंवा उन्हातले यूव्हीबी किरण देणारी ट्यूब, ते नसेल तर त्याच्या अंगात व्हिटॅमिन डी थ्री तयार होत नाही, डी थ्री नाही तर खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम काढून वापरतं आणि हाडं मऊ होतात. साध्या पिवळ्या बल्बनं फक्त ऊब मिळते. पोराला विचारलं तर म्हणाला, ताई याची जातच तशी आहे. जात तशी नाही हो, तो आजारी आहे. शेजारी शुगर ग्लायडरची जोडी, हा खारीसारखा दिसणारा पूर्ण रात्रीचा प्राणी, आणि भर दुपारी ट्यूबलाइटखाली पक्ष्यांच्या पिंजऱ्यात, लपायला साधी कापडाची पिशवीपण नाही. हे सगळं मी आधी का सांगतेय, तर ज्या दुकानाला इगुआनाला कुठली ट्यूब लावायची हे ठाऊक नाही ते दुकान अँटईटर आणायला निघालंय.

आता मूळ विषय. माझा भाचा कराडला इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या ग्रुपमधल्या पोरांनी मिळून अँटईटर घ्यायचं ठरवलं होतं, वर्गणी काढून, आणि त्याचं पेज काढायचं होतं. मला म्हणाला, मावशी तू पक्षी ठेवतेस, तुला कळतं, तू चल बघायला. म्हटलं चल. दुकानदारानं मोबाईल काढून कॅटलॉग दाखवला, किंमत साडेतीन लाख, पन्नास हजार ॲडव्हान्स आणि तो परत मिळणार नाही, बाकी डिलिव्हरीला. हँड टेम पीस आहे म्हणाला, बाटलीनं दूध पितो, मांडीवर झोपतो, आणि वर म्हणाला, घरात मुंगी आणि झुरळ औषधाला राहणार नाही ताई, पेस्ट कंट्रोलचा खर्च वाचेल.

मी विचारलं, दादा, कुठला अँटईटर? तर म्हणाला अँटईटर म्हणजे अँटईटर, त्यात काय कुठला. इथंच पहिली गडबड आहे बघा. त्याच्या कॅटलॉगमधला फोटो होता जायंट अँटईटरचा, झुपकेदार शेपटी, खांद्यावर काळा पट्टा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सहा-सात फूट आणि वजन तीस-चाळीस किलोच्या घरात. आणि त्याखालचा व्हिडिओ होता टमांडुआचा, जो झाडावर चढतो, शेपटीनं फांदी धरतो, अंगावर जाकीट घातल्यासारखा काळा-पिवळा रंग, वजन साधारण चार ते आठ किलो. दोन वेगळी जनावरं, एक जमिनीवर राहणारं आणि एक झाडावरपण राहणारं, आणि दोघांचं बुकिंग एकाच पावतीवर. तिसरा एक असतो सिल्की अँटईटर, मुठीएवढा, तो तर पिंजऱ्यात जगवणं प्राणिसंग्रहालयांनापण जमलेलं नाही फारसं. तुम्ही साडेतीन लाख देताय आणि विकणाऱ्याला माहीत नाही की पेटीतून काय निघणार.

मग मी खाण्याचं विचारलं, कारण प्राणी ठेवायचा तर सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं. त्यानं ड्रॉवर उघडून मांजरीच्या किबलचं पाकीट काढलं आणि दुसरं वाळलेल्या अळ्यांचं. हे देता येतं म्हणाला, आणि दूध-अंडं. मी ते किबल हातात घेऊन भाच्याला दाखवलं, म्हटलं हे बघ, कडक गोळी आहे, आणि या जनावराला एक दात नाही. एकपण नाही. टमांडुआच्या तोंडाचं भोक किती, तर पेन्सिल जाईल एवढंच. तोंड उघडून घास घेणं हा प्रकारच नाही त्याच्यात. जीभ मात्र हातभर, टमांडुआची चाळीस सेंटिमीटरपर्यंत, जायंटची साठ, चिकट लाळेनं भरलेली, आणि जायंट ती मिनिटाला दीडशे वेळा आतबाहेर करतो. मुंग्या जिभेला चिकटतात, आत जातात आणि पोटातल्या जाड स्नायूंनी त्या दळल्या जातात. त्यामुळं घरातलं मोठं झुरळ त्याच्या तोंडासमोर सोडलं तरी ते चावून खायचं कशानं?

आणि मुंग्या किती लागतात ते ऐका. टमांडुआला दिवसाला साधारण ९,००० आणि जायंटला ३०,००० पर्यंत, वाळवी धरून. आपल्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला मुंग्या लागतात त्या मोजल्या तर दोन-तीनशे निघतील, तेवढ्यात त्याची न्याहारीपण होणार नाही. भाचा म्हणाला, मग शेतातून आणू की, वारूळं काय कमी आहेत का आपल्याकडं. आता हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओत तो कुणी सांगणार नाही. आपला जिल्हा कसला आहे? उसाचा आणि द्राक्षाचा. तासगावच्या बागांत किती फवारण्या होतात ते बागायतदाराला विचारा, उसात हुमणीला औषध, वाळवीला क्लोरपायरीफॉस, बांधावरच्या मुंग्यांवर पावडर, घरात लक्ष्मणरेषा. त्या मुंग्या-वाळव्या गोळा करून रोज हजारांनी एका पाच किलोच्या जनावराला चारायच्या म्हणजे त्याला रोज थोडं थोडं विष घालण्यातला प्रकार आहे. आणि त्यात अजून एक गोष्ट अशी की हे प्राणी रानात एका वारुळावर फार वेळ थांबत नाहीत, जायंट तर मिनिटभर खातो आणि सैनिक मुंग्या चावायला लागल्या की पुढं जातो, दिवसभरात कितीतरी वारुळं फिरतो, वारूळ पूर्ण मोडत नाही म्हणून तेच वारूळ पुन्हा कामाला येतं. हे त्याचं जगणं आहे. टू बीएचकेमध्ये हे कसं करणार?

परदेशातल्या चांगल्या झूमध्ये त्यांच्यासाठी कीटक खाणाऱ्या प्राण्यांचं खास तयार खाद्य येतं, ते पाण्यात भिजवून पातळ करतात, वरून ॲव्होकाडो वगैरे देतात. पूर्वी तिथंही दूध, अंडी, खिमा, कुत्र्याचं खाद्य असलं मिश्रण चालायचं, म्हणजे आमचा दुकानदार जे सांगत होता जवळपास तेच, आणि त्यानं प्राण्यांचं नुकसान झालं. टमांडुआमध्ये व्हिटॅमिन के कमी पडलं तर रक्तस्राव होतो, ए आणि डी जास्त झालं तर मणक्याची हाडं नको तिथं वाढून पाठ आखडते, जायंटमध्ये टॉरिन नावाचं पोषकद्रव्य कमी पडून हृदय मोठं झाल्याच्या केसेस आहेत. झूमध्ये डॉक्टर, आहारतज्ज्ञ, लॅब सगळं असून हे झालंय. आपल्याकडचे डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री-मांजरं बघण्यात पक्के आहेत, शिरवळला मोठं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, माझ्या कॉकटेलचा पाय मोडला होता तो इथल्याच डॉक्टरांनी बसवून दिला. पण ज्या जनावराच्या अंगाचं नॉर्मल तापमानच ३३ अंशाच्या आसपास असतं त्याला ताप आलाय का हे कळायलासुद्धा ते जनावर आधी बघितलेलं असावं लागतं. दुकानदाराला विचारलं आजारी पडला तर कुणाकडं न्यायचा, तर म्हणाला व्हिडिओ कॉलवर सपोर्ट आहे. कुणाचा सपोर्ट, डॉक्टर कोण, काही सांगता आलं नाही.

तापमानाचा विषय निघाला तर तेही सांगते. मुंग्या खाऊन ताकद कमी मिळते म्हणून या प्राण्यांचं सगळं शरीरच मंद चालतं, उष्णता कमी तयार होते, म्हणून फार थंडी आणि फार ऊन दोन्हीचा त्यांना त्रास. रानात उन्हाळ्यात ते सावलीला पडून राहतात आणि गार झाल्यावर फिरतात. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसला टेकतो, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो आणि त्यात लाइट जाते. रात्रभर जागं राहणारं जनावर बंद फ्लॅटमध्ये, एसी चालू ठेवून, त्याला चढायला झाड नाही, उकरायला लाकूड नाही. मग ते उकरणार काय, तर सोफा, दार, पीओपी. पुढच्या पायाच्या मधल्या बोटाची नखी आकड्यासारखी असते, वारूळ आणि कुजलेलं खोड फोडायलाच ती झालीय, आणि तळव्यात घुसू नये म्हणून हा प्राणी पुढचे पंजे दुमडून कडेवर चालतो. त्या नख्या कापून आणतो म्हणाला दुकानदार! मी तिथंच सांगितलं, दादा, नख्या काढल्या तर त्याच्याकडं काही उरतच नाही, ना खायला काही फोडता येणार, ना झाड धरता येणार.

रीलबद्दल. भाच्याच्या मोबाईलवर एक क्लिप होती, टमांडुआ मागच्या दोन पायांवर उभा, शेपटी टेकलेली, दोन्ही हात पसरलेले, खाली लिहिलेलं की मिठी मागतोय. लाखो लाईक. ती मिठी नाही, तो घाबरलाय. मागं झाड किंवा दगड आहे का बघून, शेपटीचा टेकू घेऊन, हात मोकळे करून तो नख्या दाखवतो, की जवळ आलास तर फाडीन. जायंटची अशी मिठी किती महागात पडते तर ब्राझीलमध्ये दोन शिकाऱ्यांचा त्याच्या नख्यांनी जीव गेला, २०१४ मध्ये वैद्यकीय जर्नलमध्ये ते छापून आलंय. घाबरला की टमांडुआ शेपटीखालच्या ग्रंथीतून असा वास सोडतो की लांबवर जातो, त्यासाठी तो त्याच्या देशात प्रसिद्ध आहे. तो वास रीलमध्ये येत नाही. साल्व्हादोर दालीचा तो १९६९ चा फोटोपण पोरं सारखी शेअर करतात, पॅरिसच्या मेट्रो स्टेशनातून जायंट अँटईटरला पट्टा बांधून बाहेर पडताना. चित्रकार म्हणून तो मोठा असेल, पण मला त्या फोटोत ते जनावर दिसतं, पायाखाली डांबर, सगळीकडं माणसं आणि गाड्या.

दुकानात आमच्यासारखेच आलेले एक काका उभे होते, त्यांनी मोबाईलमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाले, हे तर आमच्या पाटणकडं रानात असतंय की, आज्ज्यानं बघितलेलं. आणि दुकानदारानं मान हलवली, हो तसलंच म्हणाला. नाही, तसलं नाही, आणि हे ज्यानं त्यानं नीट समजून घेतलं पाहिजे कारण यात तुरुंगात जायची वेळ येऊ शकते. पाटण, जावळी, शिराळा, चांदोली या बाजूला असतं ते खवल्या मांजर. त्याच्या अंगावर खवले, अँटईटरच्या अंगावर केस. दोघंही मुंग्या-वाळवी खातात, दोघांनाही दात नाहीत, दोघांची जीभ लांब, पण नात्यानं एकमेकांचे कुणीच नाहीत. अँटईटरचे सगेसोयरे म्हणजे झाडाला उलटे लटकणारे स्लॉथ, आणि खवल्या मांजराचे जवळचे नातेवाईक म्हणजे वाघ-कुत्रा असले मांसाहारी प्राणी. एकाच प्रकारचं खाणं असल्यामुळं दोन वेगळ्या खंडांत शरीरं सारखी झाली एवढंच.

खवल्या मांजर आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्युलमध्ये आहे, वाघाच्या रांगेत. पकडलं, विकलं, घरात ठेवलं, खवले जवळ सापडले, काहीही असो, तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० दंड. २०१६ मध्ये जगातल्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरलं तरी त्याच्या खवल्यांसाठी आणि जादूटोण्याच्या नादात लोक त्याला मारतातच, आणि खवले म्हणजे काय, तर आपली नखं ज्याची असतात तेच केराटिन. पिंजऱ्यात ते फार दिवस जगतपण नाही, तीच खाण्याची अडचण. अँटईटर मिळत नाही म्हणून कुणी तुम्हाला तसलंच लोकल स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून बाहेर पडा आणि वन विभागाच्या १९२६ नंबरला फोन करा. काकांना मी हे सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आज्जा सांगायचा ते गोळा होऊन पडतंय, हात लावायचा नाही त्याला. बरोबरच सांगायचा.

कागदपत्रांचं आता थोडक्यात, पण वाचा. दुकानदार म्हणाला, हे आपल्या शेड्युलमध्ये येत नाही म्हणून कागद लागत नाही. अर्धं खरं सांगून गिऱ्हाईक फसवतात ते असं. जायंट अँटईटर साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या यादीत आहे, आणि वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर साइट्समधले प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या शेड्युलमध्ये आलेत, ते ठेवायचे तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियमपण आले. टमांडुआची दक्षिणेकडची जात त्या यादीत नाही हे खरं. पण यादीत नाही म्हणजे विमानातून कसाही आणा असं होत नाही. बाहेरचा जिवंत प्राणी आणायला डीजीएफटीचं, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याचं, इम्पोर्ट लायसन्स लागतं, ज्या देशातून येतो तिथल्या सरकारी डॉक्टरचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं, इथं उतरल्यावर क्वारंटाईन असतं. मी एवढंच म्हटलं की यातला एक कागद दाखवा, जुन्या कुठल्या प्राण्याचा असला तरी चालेल. नव्हता. पेट शॉपला २०१८ च्या नियमांप्रमाणं राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि कुठला प्राणी कुठून आला, कुणाला विकला याचं रजिस्टर ठेवावं लागतं, त्याबद्दल विचारलं तर मालक आले की बोला म्हणाला. आणि ॲडव्हान्सची पावती म्हणजे साधा कागद, त्यावर नुसतं पेट बुकिंग असं लिहिलेलं, प्राण्याचं नावसुद्धा नाही. आपल्या जिल्ह्यात खरं तर हे कुणाला नवीन नाही, बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या नागपंचमीवर कोर्टाचे निर्बंध आल्यापासून १९७२ चा वन्यजीव कायदा काय असतो ते पोरापोराला माहितेय. पण परदेशी प्राणी म्हटलं की लोकांना वाटतं इथं कायदाच नाही.

आणि ते पिल्लू येतं कुठून हा विषय. अँटईटरला एका वेळी एकच पिल्लू होतं, आणि ते कितीतरी महिने आईच्या पाठीवर बसून फिरतं. जायंटचं पिल्लू तर पाठीवर असं बसतं की त्याच्या अंगावरचा पट्टा आईच्या पट्ट्याला जुळून येतो आणि लांबून दोघं एकच दिसतात. बाटलीनं दूध पिणारा बेबी पीस तुमच्याकडं येतो तेव्हा तो त्या पाठीवरून काढलेला असतो. आईचं काय झालं हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं. मी भाच्याला जेव्हा हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवून गप्प बसला, तोपर्यंत मी खाण्याचं आणि कायद्याचं एवढं सांगितलं त्यावर त्याच्याकडं काही ना काही उत्तर होतं.

अमेरिकेत काही राज्यांत लोक टमांडुआ ठेवतात, हे खरं आहे, भाच्यानं ते दाखवलंच मला. त्यांच्याकडं खास खाद्य घरपोच येतं, झूच्या ओळखीचे डॉक्टर असतात, पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं असतात, आणि तरीसुद्धा ते लोक स्वतः सांगतात की सहसा ठेवू नका. हा प्राणी नीट सांभाळला तर नऊ-दहा वर्षं जगतो. कराडच्या रूमवर चार पोरं, दोन वर्षांत डिग्री, मग एक पुण्याला, एक बंगळुरूला. कुणाकडं जाणार तो?

पोरांना मुंग्या खाणाऱ्या प्राण्यांचं खरंच वेड असेल ना, तर मला ते वेड फार आवडतं, ते मारू नका. आपण नशिबवान आहोत, कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ते रान आपल्या दारात आहे. वन विभागाच्या परवानगीनं जाता येतं, खवल्या मांजर दिसणं अवघड, रात्री फिरतं ते, पण त्यानं उकरलेलं वारूळ गावातला माहीतगार माणूस दाखवतो. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था खवल्या मांजरासाठी गावोगाव काम करते, त्यांच्याकडून शिका. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी जागतिक खवल्या मांजर दिन असतो, पेज काढायचंच असेल तर त्याचं काढा, मी पहिली फॉलो करते.

तर रेटिंग असं. पक्ष्यांचं खाद्य आणि फिश टँकचं सामान, चार स्टार. सर्व्हिस आणि बोलणं, चार स्टार, मी एवढं विचारलं तरी आवाज चढवला नाही त्यांनी. एक्झॉटिक सेक्शन, एक स्टार, आणि तोही शून्य देता येत नाही म्हणून. अँटईटरच्या बुकिंगला काहीच देणार नाही.

भाच्यानं पैसे भरले नाहीत, पण त्याच्या ग्रुपातल्या एका पोरानं आधीच ऑनलाइन दहा हजार टाकलेत. ज्यांनी भरलेत त्यांनी ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट, पावती आणि चॅट जपून ठेवा, आधी दुकानात लेखी मागा, नाही दिले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं तक्रार होते. परत मिळणार नाही असं पावतीवर छापलं म्हणून गप्प बसू नका.

आणि दुकानदार दादा, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर, माझं राळं-बाजरी तुमच्याकडूनच राहील, त्यात राग नाही. कॅटलॉगमधून तो फोटो काढून टाका. शुगर ग्लायडरच्या पिंजऱ्यावर दिवसा कापड टाका आणि आत एक पिशवी टांगा, खर्च काही नाही त्याला. इगुआनाला मात्र थांबायला वेळ नाही, त्याला डॉक्टरला दाखवा, यूव्हीबीची ट्यूब लावा, ट्यूब येईपर्यंत सकाळचं कोवळं ऊन द्या, काचेतून नको, काचेतून ते यूव्हीबी आत येत नाही, जाळीच्या पिंजऱ्यात बाहेर ठेवा आणि सावलीला जायची जागा ठेवा. शेवग्याचा पाला द्या रोज, कॅल्शियम चांगलं असतं त्यात. मिळत नसेल तर सांगा, आमच्या परसात झाड आहे, मी आणून देते.